पंचेचाळीस अंशांतून दिसणारं शहर

मुंबईतल्या उंच इमारतीची लोकांशी पहिली ओळख होते ती तिच्या हवाई चित्रातून. पाया खणायच्या आधीच संगणकावर तयार केलेलं एक दृश्य रस्त्यावरच्या फलकावर, वर्तमानपत्राच्या पानभर जाहिरातीत आणि विक्री कार्यालयाच्या भिंतीवर लागतं. मधोमध चकाकणारे दोन-तीन टॉवर, पायथ्याशी पोडियमवरची हिरवळ आणि निळा तरणतलाव, मागे समुद्राची किनार आणि सगळ्यावर संध्याकाळचा सोनेरी उजेड. धंद्यातले लोक याला नुसतं ‘रेंडर’ म्हणतात आणि दृश्य वरून असेल तर ‘बर्ड्स आय’. घर घेणाऱ्याला भुरळ पाडणं एवढंच या चित्राचं काम असतं, तर त्याच्यावर एक अख्खं प्रकरण खर्च करायचं कारण नव्हतं. पण पुनर्विकासाला संमती द्यायची की नाही हे ठरवायला जमलेल्या रहिवाशांसमोर हेच चित्र ठेवलं जातं, भूमिपूजनाच्या मंडपात व्यासपीठामागे हेच लावलेलं असतं आणि नव्या वसाहतीची बातमी छापताना वर्तमानपत्रंही हेच छापतात. शहराचे निर्णय ज्या चित्राकडे बघून होतात ते चित्र पुराव्यासारखं तपासलं पाहिजे. तसं तपासलं की एक गोष्ट लक्षात येते. लोकांचा संशय सहसा चित्रातल्या रंगांवर, झाडांवर आणि चकाकीवर असतो. खरी दिशाभूल मात्र कॅमेऱ्याच्या कोनात असते. आणि हाच कोन मोजूनमापून वापरला, तर तेच चित्र इमारतीची कठोर परीक्षा घेणारं साधन होऊ शकतं.

आधी हे चित्र बनतं कसं ते पाहू. वास्तुविशारदाच्या नकाशांवरून संगणकात इमारतीची त्रिमित प्रतिकृती उभी केली जाते. आजूबाजूचा परिसर ड्रोनने काढलेल्या छायाचित्रातून किंवा उपग्रहाच्या नकाशावरून घेतला जातो. छायाचित्र असेल तर प्रतिकृतीतला काल्पनिक कॅमेरा खऱ्या कॅमेऱ्याच्या जागी, उंचीवर आणि भिंगाच्या मापावर तंतोतंत बसवावा लागतो, नाहीतर इमारत जमिनीवर उभी न राहता तरंगल्यासारखी दिसते. पण टॉवर खूप उंच असेल तर हा मार्गही पुरत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार मोकळ्या ‘हिरव्या’ हवाई क्षेत्रातसुद्धा ४०० फुटांच्या, म्हणजे सुमारे १२० मीटरच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि विमानतळाच्या आसपास बंधनं याहून कडक आहेत. मुंबईचा विमानतळ तर शहराच्या पोटातच आहे. त्यामुळे २०० मीटरच्या टॉवरकडे वरून पाहणारा कॅमेरा बहुतेक वेळा प्रत्यक्षात कुठेच उडालेला नसतो. दृश्य पूर्णपणे गणिताने काढलेलं असतं. गणिताने काढलेलं म्हणजे खोटं असं नव्हे. मात्र अशा चित्रात कोणतीच गोष्ट आपोआप येत नाही. कॅमेऱ्याची उंची, भिंग, सूर्याची जागा, शेजारची कोणती इमारत दाखवायची, कोणती पांढऱ्या ठोकळ्यात बदलायची आणि कोणती झाडांच्या मागे घालायची, यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी निवडलेली असते. संध्याकाळच्या सोनेरी उजेडाचंच घ्या. सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर असताना २०० मीटरच्या टॉवरची सावली एक किलोमीटरच्याही पलीकडे पोचते. वाटेतल्या सगळ्या वस्तीवर ती पडायला हवी. चित्रात उजेड संध्याकाळचा असतो आणि ती सावली एकतर चौकटीबाहेर गेलेली असते किंवा ओळखू न येण्याइतकी फिकी केलेली असते.

तरीही कोनाचा परिणाम या सगळ्याहून मोठा आहे. कॅमेरा अगदी डोक्यावर नेला तर फक्त गच्च्या, पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टच्या खोल्या दिसतात. फार खाली आणला तर दर्शनी बाजू झकास दिसते पण बाग आणि तलाव लपतात. दोन्ही एकत्र हवं म्हणून कॅमेरा बहुधा तीस ते पंचेचाळीस अंश खाली झुकवलेला असतो. आता समान उंचीच्या दोन इमारती समोरासमोर आहेत आणि त्यांच्यात तीन मीटरची गल्ली आहे असं धरू. पंचेचाळीस अंशांनी खाली पाहणारी दृष्टीची रेषा पुढच्या इमारतीच्या गच्चीच्या कडेला घासून मागच्या इमारतीच्या भिंतीवर टेकते ती वरून बरोबर तीन मीटरवर. म्हणजे मागच्या इमारतीचा फक्त सगळ्यात वरचा मजला दिसतो. खालचे सहा मजले असोत की सोळा, चित्रात ते नसतातच. इमारत २३ मीटर उंच असेल तर तळाची जमीन दिसण्यासाठी कॅमेरा सुमारे ८२ अंश, म्हणजे जवळजवळ सरळ खाली झुकवावा लागेल. असं चित्र कुणीच काढत नाही, कारण त्यात इमारत देखणी दिसत नाही. परिणामी प्रेक्षकाला ओळीने उभ्या इमारतींचा एक नीटस, शिस्तबद्ध समूह दिसतो, आणि माणसं जिथून ये-जा करणार त्या जागा मात्र दिसत नाहीत.

तीन मीटरचा हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतलेला नाही. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनासाठी बांधलेल्या इमारती एकमेकींपासून जवळपास इतक्याच अंतरावर उभ्या आहेत. मुंबईच्या एम-पूर्व प्रभागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा, म्हणजे नटवर पारेख कंपाउंड, मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी यांचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईतल्या संशोधकांबरोबर केला. २०१८ साली त्याचे निष्कर्ष पुढे आले. जिथे इमारती दाटीने उभ्या आहेत, खालच्या मजल्यांवर दिवसाही उजेड पोचत नाही आणि वारा खेळत नाही, तिथे क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. तुलनेने मोकळी मांडणी असलेल्या पीएमजी कॉलनीत ते बरंच कमी होतं. क्षयाला कारणं अनेक असतात, आणि एका छोट्या खोलीत किती माणसं राहतात, त्यांना पुरेसं खायला मिळतं का, उपचार वेळेवर सुरू होतात का, हे प्रश्न इमारतींमधल्या अंतराइतकेच महत्त्वाचे आहेत, असं यावर कुणी म्हणेल. ते बरोबरच आहे आणि एका अभ्यासावरून सगळं ओझं वास्तुरचनेवर टाकता येणार नाही. पण तिन्ही वसाहती एकाच प्रभागातल्या, पुनर्वसनाच्याच, बऱ्याच अंशी सारख्या परिस्थितीतल्या कुटुंबांच्या आहेत. तरीही त्यांच्यात फरक पडतो, तेव्हा मांडणीकडे दुर्लक्ष करता येत नाही. आणि मला इथे महत्त्वाचं वाटतं ते हे, की पंचेचाळीस अंशांतून पाहिलं तर या वसाहतींचा मुख्य दोष दिसतच नाही. वरून दिसतात त्या फक्त सरळ रांगा.

आता सूर्याकडे वळू. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या तीन मीटरच्या गल्लीत त्या वेळी ऊन भिंतीवरून किती खाली उतरेल? सव्वातीन मीटरच्या आसपास. म्हणजे हवाई कॅमेऱ्याला जेवढी भिंत दिसते, जवळपास तेवढीच हिवाळ्यातल्या दुपारच्या सूर्याला दिसते. गल्ली उत्तर-दक्षिण असेल आणि टोकाला दुसरी इमारत आडवी येत नसेल, तर त्या दिवसांत तळाच्या जमिनीपर्यंत ऊन पोचतं ते दुपारच्या आगेमागे मिळून जेमतेम पाऊण तास. मेच्या मध्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा थोडा वेळ गल्लीत थेट ऊन येतं, आणि जुलैच्या अखेरीस तो पुन्हा डोक्यावर येतो तेव्हा पावसाळी ढग असतात. घराला लागतो तो प्रकाश नुसत्या उन्हाचा नसतो, आकाशाचा पसरलेला उजेडही खिडकीतून येतो, हा आक्षेप रास्त आहे. पण तोही शेवटी याच रेषेपाशी येऊन थांबतो. आकाशातल्या ज्या बिंदूवरून तळमजल्याची खिडकी दिसते, त्याच बिंदूचा उजेड त्या खिडकीत थेट पोचतो. पाहण्याची रेषा आणि प्रकाशाची रेषा एकच. कॅमेऱ्याला खिडकी दिसायला ८२ अंशांपर्यंत झुकावं लागत असेल, तर त्या खिडकीच्या वाट्याला आकाशाची डोक्यावरची एक बारीक चीरच येते. बाकीचा उजेड समोरच्या भिंतीवर आपटून, मजल्यामागून मजला मंद होत खाली येतो. म्हणून हवाई चित्राला नुसतं नावं ठेवून भागणार नाही. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली हवाई दृश्यं इमारतीला किती आकाश मिळणार हे दाखवू शकतात. ज्या खिडक्या कुठल्याच कोनातून सहजी दिसत नाहीत, त्या घरांत दिवसा दिवा लावावा लागणार, हे बांधकामाच्या आधी कळू शकतं.

हे गरिबांच्या पुनर्वसनापुरतं आहे, श्रीमंत टॉवरांमध्ये ऐसपैस अंतर असतं, असं वाटेल. तिथे प्रमाण बघावं लागतं. २०० मीटरचे दोन टॉवर वीस मीटरच्या अंतराने उभे असतील तर पंचेचाळीस अंशांतून मागच्या टॉवरचा वरचा फक्त दहावा हिस्सा दिसतो. तीन मीटरच्या गल्लीतल्या २३ मीटरच्या इमारतीचा तर या कोनातून आठव्या हिश्शाच्या आसपास दिसत होता. शिवाय महागड्या प्रकल्पांच्या चित्रात आणखी एक गोष्ट लपते, ती म्हणजे पोडियम. मुंबईत गाड्या ठेवायला इमारतीच्या खालचे कित्येक मजले वापरले जातात आणि त्यांच्या छतावर बाग केली जाते. वरून पाहिलं की ही बाग जमिनीवरच असल्यासारखी वाटते, कारण वरच्या दृश्यात उंचीचा अंदाज देणारी एकच खूण असते, सावली, आणि तीच पुसट केलेली असते. फुटपाथवरून चालणाऱ्याला मात्र बाग दिसत नाही. दिसते ती चार-सहा मजली, जाळी लावलेली पार्किंगची भिंत. गिरणगावात हा फरक फार बोचतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला असा हिशेब मांडला होता. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार करणारा आराखडा सुचवला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त गिरणीच्या आवारात आधीच रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. शहराच्या वाट्याला यायची ती बरीच मोकळी जमीन अशा रीतीने आलीच नाही. त्याच परिसरातल्या टॉवरांच्या हवाई चित्रांत मात्र भरपूर हिरवा रंग असतो. तो रंग खोटा नसतो, पण तो कुणाचा आहे आणि जमिनीपासून किती उंचावर आहे हे चित्र सांगत नाही, आणि परळला वाढलेल्या माणसाला नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं.

वरून पाहण्याचा मोह जुना आहे. याकोपो दे’ बार्बारी यांनी १५०० साली व्हेनिसचं प्रचंड विहंगम चित्र सहा लाकडी ठशांतून छापलं तेव्हा माणूस उडू शकत नव्हता. शहराची मोजमापं आणि उंचावरून केलेली निरीक्षणं जोडून ते दृश्य रचलेलं होतं. अस्तित्वात असलेल्या शहराचं ते चित्र असल्यामुळे प्रत्येक व्हेनिसवासी ते आपल्या गल्लीशी ताडून पाहू शकत होता. अजून न बांधलेल्या शहराच्या चित्राला अशी पडताळणी नसते. ल कॉर्बुझिए यांनी १९२५ मध्ये पॅरिसच्या मध्यभागासाठी ‘प्लान व्वाझँ’ मांडला, त्यात जुनी वस्ती पुसून साठ मजल्यांचे अठरा टॉवर हिरवळीत उभे केले होते. वरून पाहिलं तर त्या योजनेत एक भव्य लय आहे, हे तिच्या टीकाकारांनाही नाकारता येणार नाही. पण त्या हिरवळीतून दोन टॉवरांमधलं अंतर पायी ओलांडणाऱ्या माणसाला काय अनुभव येईल याचं उत्तर त्या उंचीवरून मिळत नाही. डॅनिश नगररचनाकार यान गेल यांनी विमानातून सुंदर आणि जमिनीवर कोरड्या वाटणाऱ्या नियोजनाला ‘ब्राझिलिया सिंड्रोम’ असं नाव दिलं. गेल यांच्या टीकेतलं मर्म मला मान्य आहे, पण वरचा दृष्टिकोनच सोडून द्यावा असा अर्थ त्यातून काढणं चुकीचं होईल. एखादा टॉवर शेजारच्या शाळेच्या मैदानावर, नाल्यावर, रेल्वेच्या फाटकावर काय परिणाम करेल हे जमिनीवर उभं राहून कळत नाही. इमारतींचे एकमेकींशी असलेले संबंध दिसतात ते वरूनच.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा, की ही तर जाहिरात आहे, कोपऱ्यात ‘कलाकाराची कल्पना’ असं लिहिलेलं असतं, आणि शहाण्या ग्राहकाला ते समजतं. कायद्याने ही सबब पूर्ण मानलेली नाही. २०१६ च्या रेरा कायद्याच्या १२ व्या कलमानुसार जाहिरातीतल्या किंवा नमुना घरातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरल्याने ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मागता येते, आणि प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत मिळवता येतात. महारेराने २०२३ पासून जाहिरातींवर क्यूआर कोडही सक्तीचा केला, म्हणजे तो मोबाइलने टिपला की नोंदणीची माहिती समोर येते. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा आहे. पण हा सगळा कायदा पैसे भरणाऱ्याचा विचार करतो. हवाई चित्रात ज्यांच्या घराचा पांढरा ठोकळा झाला त्या शेजाऱ्यांनी पैसे भरलेले नसतात, त्यामुळे त्यांचं नुकसान या कलमात बसत नाही. आणि चित्र मनात जे घर करतं ते तळटिपेने निघत नाही. लोअर परळच्या ‘वर्ल्ड वन’ या इमारतीची घोषणा ४४२ मीटर उंचीची झाली होती. विमानतळ प्राधिकरणाने तेवढ्या उंचीला मान्यता दिली नाही आणि ती सुमारे २८० मीटरवर पूर्ण झाली. चर्नी रोडजवळ ७०० मीटरच्या वर जाणारा ‘इंडिया टॉवर’ तर उभाच राहिला नाही. या दोन्ही इमारतींनी मुंबईच्या भावी क्षितिजाविषयी लोकांच्या कल्पना घडवल्या त्या केवळ चित्रांतून. बांधकामाला वर्षं लागतात, परवानग्या बदलतात, हे समजण्यासारखं आहे. पण मग चित्रावर निदान ते कोणत्या मंजुरीच्या टप्प्यावर काढलं आहे एवढं तरी लिहिलेलं हवं.

दुसऱ्या शहरांनी हे केलेलं आहे. लंडनमध्ये सेंट पॉल्स कॅथीड्रलची ठरावीक ठिकाणांहून दिसणारी दृश्यं नियोजनाच्या नियमांनी जपलेली आहेत, आणि त्या दृश्यांवर परिणाम करणाऱ्या इमारतीसाठी मोजणी करून पडताळलेली चित्रं मागितली जातात. कॅमेरा नेमका कुठे होता, किती उंचीवर, कोणतं भिंग, कोणती वेळ, हे सर्वेक्षकाच्या नोंदीसह द्यावं लागतं. चित्र किती तपशिलाचं आहे याच्याही पायऱ्या ठरलेल्या आहेत: नुसती बाह्यरेषा, मग आकार, मग बांधकामाच्या साहित्यासकट पूर्ण रूप. सॅन फ्रान्सिस्कोत १९८४ साली मतदारांनी ४० फुटांहून उंच नव्या इमारतींची सावली सार्वजनिक बागांवर पडू नये म्हणून बंधन आणणारा प्रस्ताव मंजूर केला. त्याच काळात बर्कलीच्या विद्यापीठात पीटर बॉसेलमन यांच्या प्रयोगशाळेत शहराच्या लाकडी प्रतिकृतीतून छोटा कॅमेरा फिरवून पादचाऱ्याच्या नजरेतलं भावी शहर चित्रित केलं जात होतं. वरचं दृश्य दाखवणारी प्रतिकृती तीच, फक्त कॅमेरा खाली रस्त्यावर उतरवला. मुंबईत हे खर्चीक पडेल असं सांगितलं जातं. ते पटत नाही. त्रिमित प्रतिकृती जाहिरातीसाठी आधीच तयार असते. तिच्यात सूर्याची तारीख बदलणं आणि कॅमेरा दीड मीटर उंचीवर आणणं, हे काम मूळ चित्राच्या तुलनेत थोडं आहे. खर्च आहे तो आजूबाजूच्या इमारती खऱ्या उंचीनुसार बसवण्याचा. ते काम विकासकाने केलेलं नसेल, तर शेजाऱ्यांचा विचारही झालेला नाही असा त्याचा अर्थ होतो.

मुंबईत याची सोय करण्यासाठी नवीन कायद्याची वाट पाहायला नको. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्यासाठीच्या ‘१-अ’ या अर्जात नियोजित बांधकामामुळे एखादं दृश्य अडणार आहे का आणि आसपासच्या बांधकामांवर काय परिणाम होणार आहे, हे प्रश्न विचारलेलेच आहेत. उत्तरं मात्र शब्दांत देऊन भागतं. त्याच उत्तराच्या जागी कोन, उंची, भिंग, तारीख आणि वेळ छापलेली चित्रं मागता येतील: एक पंचेचाळीस अंशांतून, एक जवळजवळ सरळ खाली पाहणारं, आणि दोन-तीन शेजारच्या फुटपाथवरून. याची सर्वांत तातडीची गरज पुनर्विकासात आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडीच्या २०७ चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या आहेत, त्यातले रहिवासी १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जात आहेत, आणि हा फायदा खरा आहे. तो मिळतोय म्हणून उजेडाबद्दल विचारायचा त्यांचा हक्क संपत नाही. गृहनिर्माण संस्था पुनर्विकासाला जाते तेव्हा सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निम्म्याहून अधिक सभासदांची संमती घ्यावी लागते. त्या सभेच्या नोटिशीबरोबर, सभासदांना द्यायच्या इमारतीतल्या सगळ्यात खालच्या राहत्या मजल्यावरच्या खिडकीतून किती आकाश दिसेल आणि २१ डिसेंबरच्या दुपारी बारा वाजता तिच्यात किती ऊन येईल याचं एक चित्र जोडावं, आणि ते मंजूर नकाशाच्या मापांवरून काढलं आहे असं वास्तुविशारदाने त्यावर सही करून सांगावं.